मॉड्रिचही लहानखुरा होता, म्हणून मुलाला खेळवत राहायचं का?

नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं: मुलगा तेरा वर्षांचा, उंची चार फूट सात इंच, वजन 33 किलो. फुटबॉलमध्ये मिडफिल्डला, म्हणजे मधल्या फळीत खेळतो. दोनदा ट्रायलला गेला, दोन्ही वेळा 'पोरगा चांगला आहे, पण अंगात जोर नाही' म्हणून घरी पाठवला. मुलाचं म्हणणं, क्रोएशियाचा नामांकित मिडफिल्डर लुका मॉड्रिच, त्यालाही असंच नाकारलं होतं. रात्री मोबाईलवर त्याचेच व्हिडिओ लावतो आणि सकाळी गच्चीवर पायाच्या बाहेरच्या बाजूनं बॉल मारत बसतो. वडील म्हणतात, आता आठवी-नववीचा अभ्यास बघा. ताईंचा प्रश्न: 'मॉड्रिचचं उदाहरण खरंच आमच्या मुलाला लागू पडतं, की आम्ही आपली समजूत घालून घेतोय?'

ताई, थोडं लागू पडतं. पण मुलगा ज्या भागाला धरून बसलाय तो भाग नाही.

आधी माझी मर्यादा सांगतो. मी तुमच्या मुलाला खेळताना पाहिलेलं नाही, आणि मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं नागपुरात दहा ते सोळा वयाची पोट्टी शिकवतोय, त्याआधी स्वतः हाफ म्हणून, म्हणजे मधल्या फळीत खेळलोय. त्या अनुभवातून जे दिसतं तेवढंच सांगू शकतो. घरची उंची, मुलाच्या वाढीचा वेग, जवळ कुठलं ग्राउंड आहे, कोच कोण आहे, यावर बरंच काही ठरतं.

मॉड्रिचची गोष्ट नीट पाहू, कारण आपल्याकडे ती अर्धीच सांगितली जाते. जन्म 9 सप्टेंबर 1985, क्रोएशियातल्या झादर शहरात. लहानपण वेलेबिट डोंगराच्या पायथ्याशी एका वाडीत, आजोबांजवळ. 1991 च्या डिसेंबरमध्ये युद्धात त्या आजोबांना गोळ्या घालून मारलं. कुटुंब झादरला आलं आणि निर्वासित म्हणून हॉटेलात राहिलं. तिथल्या पार्किंगच्या जागेत तो बॉल खेळायचा. पुढे हायदुक स्प्लिट या मोठ्या क्लबनं त्याला पाहिलं आणि फार बारीक आहे म्हणून परत पाठवलं. इथपर्यंत सगळ्या पोरांना पाठ असतं.

नंतर काय झालं, हे कोणी सांगत नाही. नकारानंतर तो झादरच्या आपल्याच क्लबात, आपल्याच जुन्या कोचकडे परत गेला. तोमिस्लाव बाशिच त्यांचं नाव. त्यांनी त्याला मनानं खचू दिलं नाही आणि सराव सोडू दिला नाही. सोळा-सतराच्या सुमारास तो डिनामो झाग्रेबमध्ये गेला. डिनामोनंही त्याला लगेच पहिल्या संघात घेतलं नाही. 2003-04 मध्ये बोस्नियातल्या झ्रिन्यस्की मोस्तार या क्लबाकडे उसना पाठवला. खराब मैदानं, दाढीवाले दणकट डिफेंडर, आणि हा अठरा वर्षांचा काटकुळा पोरगा. त्या मोसमात तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या मोसमात पुन्हा उसना, इंटर झाप्रेशिचकडे. मग डिनामोकडून लागोपाठ तीन वेळा लीग जिंकली आणि 2008 मध्ये इंग्लंडला टॉटनहॅमकडे गेला.

म्हणजे नकार मिळाला, पण त्याच्या मॅचेस कधी थांबल्या नाहीत. अठराव्या वर्षी तो बाप्यांच्या विरुद्ध पूर्ण नव्वद मिनिटं खेळत होता. कोणी मला विचारलं की मॉड्रिच कशानं घडला, तर मी आधी मोस्तारचं ते वर्ष सांगतो. हायदुकच्या नकाराचा नंबर त्यानंतर येतो.

आता आपलं बघा. 2011 च्या जनगणनेत एकट्या नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या 46 लाखांच्या वर होती. अख्ख्या क्रोएशियाची 2021 मध्ये 39 लाखांच्या आत. माणसं आपल्याकडे जास्त आहेत. अंगात फुटबॉल नाही म्हणाल तर सकाळी कामठीला किंवा मोमीनपुऱ्यात चक्कर मारा, पायातली कला काय असते ते दिसेल. कमी पडतात त्या मॅचेस. माझ्या ग्राउंडवरच्या तेरा वर्षांच्या मुलाला वर्षात दहा-बारा खऱ्या मॅचेस मिळाल्या तर ते वर्ष चांगलं गेलं असं मी समजतो. बाकी सगळं प्लास्टिकचे कोन मांडून ड्रिल आणि आपसात पाच-पाच. म्हणून ट्रायलमध्ये नाव आलं नाही याचं मला तितकं वाईट वाटत नाही. त्यामुळे तो वर्षभर कोणाशीच खेळला नाही, असं झालं तर मात्र वाटतं. मुलाला सध्या असा क्लब शोधा जिथे तो मैदानात उतरतो. नाव लहान असलं तरी चालेल. मोठ्या नावाच्या अकादमीत बेंचवर बसून जर्सी मिरवण्यात या वयात काही अर्थ नाही.

आता उंची. इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. बरीच वर्षं झाली. एका वयोगटाच्या संघासाठी मुलं निवडत होतो. एक पोट्टा होता, बॉल पायाला चिकटायचा, पण समोरच्याच्या खांद्याला लागला की भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखा उडायचा. मी त्याच्या जागी एक दांडगा पोरगा घेतला. हा दांडगा त्या वर्षी चमकला. दोन वर्षांनी बाकीचे वाढून त्याच्या बरोबरीला आले आणि त्याच्याकडे जोराशिवाय दाखवायला काही उरलं नाही. बारका मात्र नंतर पाच फूट आठ इंच झाला. सीताबर्डीत मोबाईलच्या दुकानात दिसतो, 'सर, चहा घ्या' म्हणतो. फुटबॉल त्यानं त्याच वर्षी सोडला होता.

तेव्हा मला जे कळत नव्हतं ते असं. तेरा-चौदाला मुलांची खरी वाढ सुरू होते, पण सगळ्यांची एकदम होत नाही. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात दोन-तीन वर्षांचा फरक सहज असू शकतो. त्यात वयोगट साधारण 1 जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच रांगेत उभे राहतात, आणि अकरा महिने त्या वयात फार असतात. मॉड्रिचचा जन्म सप्टेंबरचा आहे, हेही लक्षात घ्या. (वयाचे दाखले 'दुरुस्त' करून आणलेले मिसरूड फुटलेले तेरा वर्षांचे पहिलवान वेगळेच. हाडांवरून खरं वय बघायला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायची वेळ आली की त्यातल्या काहींना त्याच दिवशी ताप येतो.)

आणखी एक गोष्ट तुमच्या मुलाला सांगा. मॉड्रिचची उंची 172 सेंटिमीटर आहे, म्हणजे पाच फूट साडेसात इंच. युरोपातल्या मिडफिल्डमध्ये ती कमी वाटते, पण आपल्या शहर बसमध्ये तो कोणाच्या नजरेतही भरणार नाही. तो बुटका राहिला नाही, तो उशिरा वाढला. तुमचा मुलगा उशिरा वाढणारा आहे की घरच्याच उंचीवर जाणारा आहे, हे मी इथून सांगू शकत नाही. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण करा. शंका वाटली तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, ते हाडाचं वय बघून अंदाज देतात. वाढीचा झटका येईल तेव्हा मुलगा काही महिने धांदरट होईल, सोपे पास चुकवेल, गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखतं म्हणेल. त्या काळात पळवणं कमी करायचं, ओरडणं बंद करायचं. आणि पावडरचे डबे आणू नका. वरण, अंडी, दूध, शेंगदाणे आणि नऊ तास झोप. रात्रीचे व्हिडिओ त्या झोपेतूनच जातात.

व्हिडिओंचा विषय निघालाच आहे तर त्यातही मुलगा चुकीची गोष्ट बघतोय.

पोरांचा सगळ्यात लाडका व्हिडिओ म्हणजे 12 एप्रिल 2022 चा. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, तिची उपांत्यपूर्व फेरी, माद्रिदमध्ये इंग्लंडचा चेल्सी तीन गोलांनी पुढे, मॉड्रिचचा क्लब रिअल माद्रिद स्पर्धेबाहेर पडण्याच्या बेतात. ऐंशीव्या मिनिटाला मॉड्रिचनं डाव्या बाजूनं उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं बॉल टाकला, तो सगळ्या बचावावरून वळत गेला आणि पलीकडून धावत आलेल्या रॉड्रिगोनं हवेतच मारला. गोल. आधीची मॅच धरून दोघांच्या गोलांची बेरीज सारखी झाली, मॅच जादा वेळेत गेली आणि रिअल पुढच्या फेरीत. तो पास पाहून नागपुरातल्या किती पोरांनी घोटे मुरगळून घेतले असतील देव जाणे.

पण तो पास पायातून निघाला त्याच्या आधी डोळ्यांतून निघालेला असतो. उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं तोच बॉल टाकायचा तर अंग फिरवावं लागतं, त्यात एक पाऊल जातं, आणि तेवढ्यात रॉड्रिगोची धाव ऑफसाइड किंवा बंद. बाहेरच्या कडेनं मारला की अंग आहे तसंच राहतं, समोरच्याला अंदाज येत नाही आणि बॉल गोलकीपरपासून लांब वळतो. म्हणजे ती फॅशन नाही, वेळ वाचवणं आहे. आणि वेळ वाचवायचा कुठे हे कळायला आधी मैदान बघितलेलं असावं लागतं.

त्याला सांगा, एक मॅच घ्यायची आणि वीस मिनिटं बॉलकडे बघायचंच नाही. फक्त मॉड्रिचच्या मानेकडे बघायचं. बॉल दुसऱ्याच्या पायात असताना त्याची मान सतत फिरत असते, उजव्या खांद्यावरून एकदा, डाव्या खांद्यावरून एकदा. बॉल त्याच्याकडे येतो तेव्हा मागे कोण आहे, किती लांब आहे, कुठल्या बाजूला जागा आहे हे त्याला माहीत असतं. म्हणून त्याला धक्का बसत नाही. धक्का मारायला आलेला माणूस पोहोचतो तेव्हा तो तिथून निघून गेलेला असतो. अंगात जोर नसलेल्या मुलाला मिडफिल्डमध्ये टिकायचं असेल तर मला तरी हा एकच मार्ग माहीत आहे.

माझ्याकडे यासाठी एक साधा खेळ आहे. मुलगा मधे उभा, एकजण समोरून पास देणार, आणि पाठीमागे दोघं, एकाच्या हातात पिवळा बिब (सरावात जर्सीवर घालतात ते रंगीत बनियन), दुसऱ्याच्या हातात लाल. पास सुटायच्या क्षणाला मागच्यांपैकी एकजण बिब वर करतो. बॉल पायाला लागायच्या आत मधल्यानं रंग ओरडायचा आणि त्याच्या उलट्या बाजूला वळायचं. गेल्या उन्हाळ्यात पहाटे पावणेसहाला (मे महिन्यात आपल्याकडे त्यानंतर मुलांना ग्राउंडवर उभं करणं म्हणजे गुन्हा आहे) एक अकरा वर्षांचं पोट्टं हे करत होतं. पहिले दहा पास नुसतंच 'लाल, लाल' ओरडलं, अंदाजपंचे. अकराव्याला मी गुपचूप दोन्ही बिब खाली ठेवायला लावले आणि मागच्या एकाला हळूच पुढे सरकवलं. तरी हा 'लाल!' ओरडून सरळ त्याच्या छातीवर आदळला. सगळे हसले, तोही हसला. आठवड्याभरानं पाहतो तर मॅचमध्ये बॉल यायच्या आधीच मान वळवून स्वतःशी बडबडतोय, 'मांगून येऊन राह्यला, मांगून येऊन राह्यला.' त्या दिवशी त्याचा एकही बॉल मागून कोणी काढू शकलं नाही.

जागेचाही प्रश्न आहे. बारीक मुलगा दिसला की आपले बरेच कोच त्याला विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला टाकतात. मॉड्रिचलाही टॉटनहॅममध्ये बऱ्याच वेळा डावीकडे खेळवलं. मधे आणल्यावर तो खुलला. पण मधे एकटा टाकून नाही. रिअलमध्ये त्याच्या मागे कासेमिरो असायचा, धसमुसळी कामं करायला, आणि शेजारी टोनी क्रूस. 2016, 2017, 2018 अशा लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग त्या तिघांच्या मिडफिल्डनं जिंकल्या. देशाकडून 2018 च्या वर्ल्ड कपमध्येही हेच दिसलं. नायजेरियाविरुद्ध तो दुसरा मिडफिल्डर राकितिच याच्याबरोबर खाली खेळला. अर्जेंटिनाविरुद्ध ब्रोझोविच या तिसऱ्या मिडफिल्डरला मागे ठेवून मॉड्रिचला थोडं पुढे सोडलं आणि त्यानं बॉक्सच्या बाहेरून गोल मारला, मॅच 3-0. तुमच्या मुलाच्या कोचला एवढंच विचारा की याच्या मागे कोण खेळतं. 'अंगात जोर नाही' हे कधीकधी मुलाचं वर्णन नसतं, संघाच्या रचनेचं असतं.

उलटही खरं आहे, नाहीतर तुम्ही म्हणाल सर लहान मुलांचेच वकील. मिडफिल्डर लहानच असावा असा काही नियम नाही. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाविरुद्ध भारताचा जो गोल झाला, तो जॅक्सन सिंगनं कॉर्नरवर हेडरनं केला. तो मिडफिल्डरच, आणि चांगला उंच. लहान असणं हा गुण नाही. लहान असून न बघता खेळणारी, ड्रिबल करून तिघांत घुसणारी मुलंही मी भरपूर पाहिली. कॉलनीतल्या मॅचमध्ये टाळ्या मिळतात, पुढे जात नाहीत.

ट्रायलमध्ये बाद झाल्यानंतर मुलगा कसा वागतो, हे तुम्ही लिहिलं नाही. मला ते उंचीपेक्षा जास्त ऐकायचं होतं. 2012 मध्ये मॉड्रिच रिअलला गेला आणि चार महिन्यांत माद्रिदच्या एका क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला मोसमातली सगळ्यात वाईट खरेदी ठरवलं. पुढच्या मार्चमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर तो बदली खेळाडू म्हणून आला आणि लांबून मारलेल्या गोलनं बरोबरी साधून दिली. 2018 च्या वर्ल्ड कपमध्ये डेन्मार्कविरुद्ध जादा वेळ संपायला चार मिनिटं असताना त्याची पेनल्टी गोलकीपर श्मायकेलनं पकडली. काही मिनिटांनी शूटआउट, म्हणजे निकालासाठी आळीपाळीनं पेनल्टी. कोणीही म्हणालं असतं, मला नको. तो पुन्हा त्याच गोलकीपरसमोर जाऊन उभा राहिला आणि गोल केला. क्रोएशिया त्या स्पर्धेत लागोपाठ तीन मॅचेस 120 मिनिटांच्या खेळली, फायनलमध्ये फ्रान्सकडून 4-2 हरली. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मॉड्रिच ठरला आणि वर्षअखेर जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ऑर पुरस्कारही त्यालाच मिळाला. 2008 पासून तो पुरस्कार मेस्सी आणि रोनाल्डो यांच्याबाहेर गेलाच नव्हता. 2024 च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत तर इटलीविरुद्ध पेनल्टी अडवली गेली आणि मिनिटभरातच त्यानं गोल मारला, वय 38. (ती मॅच इटलीनं अगदी शेवटच्या क्षणी बरोबरीत सोडवली. डगआउटमध्ये बसलेल्या त्याचा तो चेहरा मी अजून विसरलो नाही.) रिअलकडून सहा चॅम्पियन्स लीग, देशाकडून 190 हून जास्त मॅचेस, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर 2025 मध्ये इटलीतल्या मिलान क्लबात जाऊन पुन्हा सुरुवात.

तो देवमाणूस आहे असं मुलाला सांगू नका. डिनामोच्या बड्या पदाधिकाऱ्यांवर ट्रान्स्फरच्या पैशांवरून खटला चालला, त्यात मॉड्रिचच्या साक्षीवरून गदारोळ झाला, खोटी साक्ष दिल्याचा आरोपही ठेवला गेला. तो आरोप पुढे टिकला नाही, पण क्रोएशियातले बरेच लोक त्याच्यावर चिडले होते. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच: उद्या कोणी 'मुलाला परदेशात ट्रायल देतो, इथे सही करा' म्हणत घरी आला, तर मुलाच्या वडिलांनी कागद पूर्ण वाचावा आणि पैसे मागितले तर चहा पाजून वाटेला लावावं.

वडिलांच्या मुद्द्याला मी कमी लेखत नाही. फुटबॉलवर पोट भरणारी आपल्याकडची माणसं बोटांवर मोजण्याइतकी. खेळाडू कोट्यातल्या नोकऱ्या आहेत, पण त्यांच्या भरवशावर शाळा सोडावी इतक्या नाहीत. म्हणून मी पालकांना सोडा किंवा सगळं पणाला लावा असं दोन्ही सांगत नाही. वाढ पूर्ण व्हायच्या आत, म्हणजे साधारण सोळापर्यंत, निकाल लावू नका. सकाळचा दीड तास ग्राउंड, आठवड्याला एक मॅच. एवढ्यानं दहावी बुडत नाही. जी मुलं माझ्याकडे नापास झाली ती मोबाईलमुळे झाली.

आणि येत्या रविवारी एक करा. ग्राउंडच्या कडेला झाडाखाली बसा, एक वही आणि पेन घ्या. वीस मिनिटांच्या खेळात, बॉल त्याच्याकडे येण्याआधी मुलानं किती वेळा मान वळवून मागे पाहिलं, तेवढ्याच रेघा मारा. गोल, पास, ड्रिबल काही लिहायचं नाही. चार रविवारचे आकडे मला कळवा, मग त्याच्या मिडफिल्डबद्दल मी आजच्यापेक्षा बरंच ठामपणे बोलू शकेन. पहिल्या रविवारी रेघा चार-पाचच असतील, घाबरू नका. आणि मोजताय हे त्याला कळू देऊ नका, नाहीतर तुम्हाला दाखवायला नुसतीच मान हलवत बसेल.